हसण्यावारी नेलेलं मेटल

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एक मित्र आहे. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. ग्रुपवर त्याचं काम एकच, लिंका टाकणं. सोबत मजकूर नाही, फक्त डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारी पिवळी इमोजी. २०१८ मध्ये त्याने अशीच एक लिंक टाकली. दिल्लीचा कुठलासा बँड, नाव ब्लडीवूड. गाणं 'मुंडियां तो बच के'. लग्नाच्या वरातीत हमखास वाजणारं, तुंबीच्या एका तारेवर नाचणारं ते गाणं या लोकांनी मेटलमध्ये घातलं होतं. खाली ढोल, त्याच्यावर खर्जात उतरवलेल्या गिटारी, आणि मध्ये एक माणूस पोटातून गुरगुरत पंजाबी म्हणतोय. आम्ही सगळे हसलो. ते हसण्यासाठीच बनवलं होतं.

त्याच वर्षी पुढे कधीतरी रात्री अडीच वाजता त्याने दुसरी लिंक टाकली. बँड तोच. या वेळी इमोजी नव्हती.

या दोन लिंकांमध्ये काय घडलं ते समजून घ्यायला मला बरीच वर्षं लागली आणि त्यासाठी बरंच मागे जावं लागलं.

मेटलवर विनोद करणं सोपं आहे, कारण मेटल स्वतःला भयंकर गंभीरपणे घेतं. १९७० साली फेब्रुवारीच्या १३ तारखेला, मुद्दाम शुक्रवार साधून, ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला. हे चौघे बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतले. गिटारिस्ट टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेलेली. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या घातल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूर खाली आणला आणि वाजवत राहिला. हा आवाज तिथून आलाय, म्हणजे त्याच्या मुळाशी काही गंमत नव्हती. पण पंधराएक वर्षांत त्याच आवाजाभोवती चामड्याच्या चड्ड्या, धुराचे फवारे, कवट्या, तलवारी आणि सैतानाचे शिंगवाले पुतळे जमा झाले. एवढं सगळं घालून माणूस स्टेजवर आला आणि त्याच्या पायात वायर अडकली तर लोक हसणारच.

१९८४ साली रॉब रायनर या दिग्दर्शकाचा 'धिस इज स्पायनल टॅप' आला. एका काल्पनिक ब्रिटिश बँडचा खोटा माहितीपट. त्यातला अँप्लिफायर दहाऐवजी अकरापर्यंत जातो. 'जास्त मोठा आवाज हवा असेल तर अकरा' हे त्यामागचं तर्कशास्त्र. त्यात स्टोनहेंजच्या महाकाय दगडांचा सेट मागवला जातो, पण कागदावर फुटांच्या जागी इंचांची खूण पडते आणि स्टेजवर उतरतो तो गुडघ्याएवढा दगड. गंमत म्हणजे खऱ्या ब्लॅक सबाथच्या १९८३ च्या दौऱ्यात नेमका उलटा घोळ झाला होता. त्यांचे स्टोनहेंज इतके मोठे बनून आले की बऱ्याच हॉलमध्ये ते उभेच राहीनात. तेव्हा विनोद वास्तवाच्या पुढे होता की वास्तव विनोदाच्या पुढे, हे ठरवणं अवघड आहे. ऑझी ऑस्बॉर्नला म्हणे हा सिनेमा पहिल्यांदा पाहताना खराच माहितीपट वाटला होता. त्याने जी वर्षं काढली होती ती पाहता यात आश्चर्य नाही.

या सिनेमाबद्दल एक गोष्ट सहसा सुटून जाते. त्यातल्या तिघा नटांनी गाणी स्वतः लिहिली, स्वतः वाजवली, आणि ती बरी होती. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये 'बॅड न्यूज' नावाचा असाच खोटा बँड टीव्हीवर आला. १९८६ साली तो डॉनिंग्टनच्या खऱ्या मेटल महोत्सवात जाऊन उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याला बाटल्यांनी झोडपलं. पुढच्या वर्षी त्यांचा अल्बम आला, आणि तो प्रोड्यूस कोणी केला? क्वीनच्या ब्रायन मे याने. विडंबन करणाऱ्याला मूळ गोष्ट यावी लागते. नुसती येऊन भागत नाही, आवडावीही लागते. न आवडणारा माणूस टवाळी करतो, आणि टवाळी तीन मिनिटांच्या वर ऐकवत नाही.

पुढे ही एक वेगळी शाखाच झाली. अमेरिकेत रिचमंडचा 'ग्वार' रबरी राक्षसांचे पोशाख घालून प्रेक्षकांवर खोटं रक्त उडवायला लागला. त्यांचा पहिला अल्बम १९८८ चा. ब्राझीलमध्ये टीव्हीवरच्या एका विनोदी टोळीने 'मसाक्रेशन' काढला आणि २००५ च्या पहिल्या अल्बमच्या नावात मेटलच्या दरवाज्याशेजारी तळलेली कोंबडी ठेवली. फिनलंडचा 'लॉर्डी' राक्षसाचे मुखवटे घालून २००६ ची युरोव्हिजन जिंकून आला. या सगळ्यांची यादी करत बसलो तर लेख तिथेच संपेल.

आता आपल्याकडे.

मुंबईत रॉक ऐकणाऱ्यांची एक पिढी धोबीतलावच्या रंगभवनात वाढली. उघडं नाट्यगृह, बाजूला कॉलेज, जवळ रुग्णालय. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचा. शांतता क्षेत्राचे नियम आले, रंगभवनाचा आवाज गेला, आणि महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानात गेला. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने आपला जगदौरा मुंबईतून, वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केला. ज्या विमानाने ते आले ते त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता. ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला ते आजही त्याबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत. माझ्या ओळखीत असे दोन जण आहेत आणि दोघांनाही मी थोडं टाळतो.

या वातावरणातून जे मुंबईचे बँड आले त्यांत एक ठळक नाव 'डेमॉनिक रिसरेक्शन', सुरुवात २००० ची. त्याचा म्होरक्या साहिल माखिजा, स्टेजवरचं नाव डेमनस्टीलर. काळंकुट्ट, गंभीर, सिंथेसायझरच्या पडद्यांनी झाकलेलं संगीत. कंपन्या विचारत नव्हत्या म्हणून त्याने स्वतःचं लेबल काढलं. आणि याच माणसाने 'वर्कशॉप' नावाचा विनोदी मेटल बँडही काढला. त्यांचा पहिला अल्बम २००९ मध्ये त्याच घरच्या लेबलवर आला. अल्बमचं नाव, 'खूनी मुर्गा'.

हे नाव मला फार आवडतं. रामसे बंधूंच्या सिनेमाचं पोस्टर डोळ्यांपुढे येतं. पण त्या काळातल्या मुंबईच्या इतर बँडांची नावंही बघा. 'भयानक मौत', अत्यंत तगडा डेथ मेटल बँड. 'स्क्राइब', हार्डकोअर वाजवणारे. त्यांच्या २०१० च्या अल्बमचं नाव 'मार्क ऑफ तेजा'. 'अंदाज अपना अपना' पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्यांचाच २०१४ चा अल्बम, 'हेल मोगँबो'. या सगळ्यांत मला एक ढोबळ नियम दिसतो. गंभीर काय ते इंग्रजीत. आपली भाषा आली की ती नावापुरती, आणि नावात विनोद. अपवाद आहेत. सिंगापूरच्या भारतीय वंशाच्या मुलांचा 'रुद्र' नव्वदच्या दशकापासून वेदान्त घेऊन डेथ मेटल करतोय, आणि त्यात थट्टेचा लवलेश नाही. पण मुंबई-दिल्लीच्या मुलाला गिटारीवर हिंदी शब्द ठेवायचे असतील तर आधी डोळा मारावा लागे. म्हणजे 'आम्हाला माहितीये हे विचित्र आहे, तुम्ही हसायच्या आत आम्हीच हसतो.'

हे नुसतं मेटलपुरतं आहे का? मराठी माध्यमातला कुठलाही मुलगा कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा स्वतःची कविता वाचून दाखवतो तेव्हा काय म्हणतो? 'असंच, टाइमपास लिहिलंय.'

२०१६ च्या सुमाराला दिल्लीत करण कटियार नावाचा एक तरुण वकील नोकरी सोडतो. कॉर्पोरेट वकिली. सोडून करतो काय, तर घरात बसून लोकप्रिय गाण्यांची मेटल आवृत्ती बनवतो आणि यूट्यूबवर टाकतो. घरच्यांना हे त्याने कसं समजावलं असेल याचा मी कधीकधी विचार करतो. गायला जोडीदार मिळाला जयंत भडुला, ज्याचा घसा गुरगुरण्यापासून किंचाळण्यापर्यंत काहीही करू शकतो. बँडचं नावच मुळात एक कोटी, बॉलिवूडला एक इंग्रजी शिवी चिकटवलेली. दलेर मेहंदीचं 'तुनक तुनक तुन' त्यांनी घेतलं. इंग्रजी पॉपमधली गुळगुळीत गाणी घेतली. २०१७ मध्ये अशा गाण्यांचा 'अँटी-पॉप व्हॉल्यूम १' हा संग्रह स्वतःच काढला. स्टुडिओ नाही, लेबल नाही, मॅनेजर नाही. प्रोड्यूसर कोण? कटियारच. गिटार कोणाची? त्याचीच. बासरी? तीही त्याचीच.

यात एक साधा हिशेब होता. नव्या बँडला यूट्यूबवर कोणी शोधत नाही, कारण नावच माहीत नसतं. पण गाजलेलं गाणं लाखो लोक रोज शोधतात. त्या शोधात तुमची आवृत्ती मध्येच आली आणि माणूस कुतूहलाने थांबला, तर हसता हसता तुमचं नाव त्याला कळतं. विनोद हा इथे गळाला लावलेला गांडूळ. ही चलाखी ब्लडीवूडची एकट्याची नव्हे. त्या काळात जगभर शेकडो जण गाजलेली गाणी मेटलमध्ये घालून पोट भरत होते. बहुतेक सगळे तिथेच राहिले.

ब्लडीवूड तिथे राहिलं नाही, याला माझ्या मते ढोल कारणीभूत आहे.

'मुंडियां तो बच के' हे मूळ गाणं कॉव्हेंट्रीच्या पंजाबी एमसीचं, १९९८ चं. गायक लाभ जंजुआ, ज्याचा आवाज तुम्ही 'लंडन ठुमकदा'त ऐकलाय. त्याचा तो प्रसिद्ध गडगडता बेस 'नाइट रायडर' या अमेरिकन मालिकेच्या शीर्षकसंगीतातून उचललेला. म्हणजे मुळातच ते एक कलम होतं, एका झाडावर दुसरं लावलेलं. त्यावर ब्लडीवूडने तिसरं कलम केलं. आणि ते करताना त्यांना बहुधा कळलं की भांगड्याचा ठेका आणि मेटलचा ठेका एकमेकांचे वैरी नाहीत. दोन्ही संगीतं अंगाला धक्का द्यायला बनली आहेत. दोन्हीकडे माणसं खांद्याला खांदा भिडवून उड्या मारतात.

पण ध्वनिमुद्रणात हे जमवणं कर्मकठीण. ढोलाला दोन तोंडं असतात. एका बाजूला जाड, वाकडी काठी. तिथून घुमणारा खर्ज निघतो. दुसऱ्या बाजूला बारीक छडी. तिचा आवाज चटकदार, वरचा. मेटलमध्ये खर्जाची जागा आधीच भरलेली असते. तिथे दोन्ही पायांनी वाजणारा बेस ड्रम आहे, बेस गिटार आहे, सूर खाली उतरवलेल्या गिटारी आहेत. तिथे ढोलाचं जाड तोंड घुसवलं की सगळ्याचा चिखल होतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर फक्त भरभर ऐकू येते. मग एकेका वाद्याच्या आवाजातला कुठला भाग कापायचा, कुठला पुढे आणायचा, ढोलाची छडी ऐकू यावी म्हणून गिटारीने कुठे गप्प बसायचं, हे सगळं ठरवावं लागतं. मोठ्या स्टुडिओत याला वेगळा माणूस असतो. इथे ज्याने गाणं रचलं तोच हे करत होता. इअरफोन लावून 'मुंडियां'नंतर 'मची भसड' ऐका, फरक कानाला कळतो. एकात ढोल वरून शिंपडलेला आहे. दुसऱ्यात तो काढला तर गाणंच उरत नाही.

त्याच २०१८ मध्ये 'अरी अरी' आलं. तेही मुळात पंजाबी लोकगीताच्या बांधणीवर उभं राहिलेलं, 'बॉम्बे रॉकर्स' या डेन्मार्कच्या जोडीने गाजवलेलं गाणं. पण यात राउल केर या रॅपरने स्वतःचे इंग्रजी शब्द घातले, आणि ते विनोदी नव्हते. केर मग बँडमध्येच राहिला. पुढचं गाणं पूर्णपणे त्यांचं स्वतःचं होतं, 'जी वीरे'.

रात्री अडीचची लिंक हीच.

'जी वीरे'चा अर्थ सरळ आहे. वीरे म्हणजे भाऊ. आपल्या आजच्या बोलीत सांगायचं तर 'भावा, जग'. गाणं नैराश्याबद्दल आहे. ते प्रसिद्ध करताना बँडने समुपदेशनाची काही सत्रं स्वतःच्या पैशांनी आधीच घेऊन ठेवली होती, ज्याला गरज असेल त्याने फुकट घ्यावीत म्हणून. लक्षात घ्या, हे तेच लोक होते ज्यांनी वर्षभरापूर्वी 'तुनक तुनक तुन'वर गुरगुरून लोकांना हसवलं होतं. माझ्या मते हसवलं होतं म्हणूनच हे पोचलं. 'मानसिक आरोग्यावरचं गाणं' अशी पाटी लावलेली लिंक माझ्या मित्राने उघडली नसती. आम्हीही नसती उघडली. ती त्या मस्करीवाल्या बँडची होती म्हणून उघडली, आणि मग बंद करता आली नाही.

पुढच्या वर्षी 'एन्ड्युरंट' आलं, शाळा-कॉलेजात होणाऱ्या छळाबद्दल. मग 'मची भसड'. भसड हा अस्सल दिल्लीचा शब्द. आपला 'राडा' त्याच्या सर्वांत जवळचा. २०१९ च्या उन्हाळ्यात हा यूट्यूबवरचा बँड पहिल्यांदा दौऱ्यावर निघाला आणि थेट जर्मनीतल्या वाकेनला जाऊन वाजवून आला. वाकेन हे एरवी दोनेक हजार वस्तीचं खेडं. १९९० पासून तिथे मेटलची जत्रा भरते आणि गाव पाऊण लाख माणसांचं होतं. चिखल, तंबू, बिअर. आषाढीच्या आधी पंढरपूर कसं फुगतं ते आठवा. या दौऱ्यावर त्यांनी माहितीपट बनवला, त्याचं नाव 'राज अगेन्स्ट द मशीन'. नावातली कोटी सुटली नव्हती.

मग कोरोना. दौरे बंद. 'याद' हे विरहाचं गाणं २०२० चं. त्याच्या व्हिडिओत माणूस आणि त्याचा कुत्रा आहे. भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला बँडने रुग्णवाहिकाही घेऊन दिली.

आणि १८ फेब्रुवारी २०२२ ला आला 'रक्षक'. दहा गाणी, सगळी स्वतःची. लेबल तेव्हाही नाही. प्रोड्यूसर तेव्हाही कटियार.

पहिला अल्बम कोणता, यावर चाहते वाद घालतात. कालक्रमाने २०१७ चा विडंबनांचा. पण बँडची स्वतःची गाणी असलेला पहिला हाच, आणि बहुतेक ठिकाणी यालाच पदार्पण म्हणतात. मला वाटतं दोन्ही बरोबर आहे. एक अल्बम मुखवट्याचा, एक चेहऱ्याचा. पण मुखवटा पूर्ण उतरलेला नाही. यादीत 'बीएसडीके.एक्सई' नावाचं गाणं आहे. ती आद्याक्षरं फोडून सांगायची गरज नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. त्याच यादीत 'गद्दार' आहे, माणसांत फूट पाडणाऱ्या राजकारणावरचं. (त्यानंतर चार-पाच महिन्यांत हा शब्द महाराष्ट्रात भलत्याच कारणाने घराघरात पोचला, तो भाग वेगळा. तेव्हा आमच्या ग्रुपवर हे गाणं पुन्हा फिरलं.) 'दना दन' बलात्काऱ्यांविरुद्धचं, संतापाने थरथरणारं गाणं. २०२४ मध्ये देव पटेलने आपल्या 'मंकी मॅन' सिनेमात ते घेतलं.

सगळा अल्बम मला आवडतो असं नाही. रॅप आणि गुरगुर यांची पाळीपाळीने येण्याची पद्धत चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत अंगवळणी पडते आणि मग पुढे काय येणार ते आधीच कळतं. केरचे इंग्रजी शब्द कधीकधी भाषणाकडे झुकतात. हिंदी-पंजाबी ओळींत जी उष्णता आहे ती तिथे नाही. पण 'याद' सुरू झालं की या तक्रारी मी विसरतो.

एक तक्रार मात्र जास्त गंभीर आहे, आणि ती करणारे आपलेच आहेत. भारतातल्या जुन्या मेटलवाल्यांचं म्हणणं असं, की हे परदेशी लोकांसाठी मांडलेलं दुकान आहे. ढोल, बासरी, पगड्या, रंग, वाळवंट. गोऱ्या माणसाला जो भारत बघायचा असतो तो. आम्ही वीस वर्षं सरळ, कष्टाने, बिनाढोलाचं मेटल वाजवलं, आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि गंमत म्हणून सुरू झालेली ही पोरं बिलबोर्डच्या याद्यांत जाऊन बसली. ही कडवट भावना मला समजते. 'डेमॉनिक रिसरेक्शन'नेही नॉर्वे-जर्मनीच्या महोत्सवांत वाजवलं, २०१० साली 'मेटल हॅमर' या ब्रिटिश मासिकाचा पुरस्कार मिळवला, २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम केला. तरी आपल्या शेजारच्या मुलाला ते नाव माहीत नसतं.

पण दुकान मांडल्याचा आरोप मला अर्धाच पटतो. परदेशी माणसाला दाखवायचा भारत यात आहे हे खरं. तरी दिल्लीच्या मुलाला ढोल हा परका कसा? तो त्याच्या गल्लीत वाजतो. खरं तर इंग्रजीत सैतानाबद्दल गाणं हेच त्याने बाहेरून आणलेलं होतं. आपल्या कानांना इंग्रजी मेटल 'नैसर्गिक' वाटावं आणि पंजाबी मेटल 'गंमत' वाटावी, हा दोष त्या बँडचा नाही. तो आपल्या कानांचा आहे, आणि मी त्यात स्वतःला धरतो. पहिली लिंक आली तेव्हा मी ज्यावर हसलो ते नेमकं काय होतं? गिटार नव्हती, गुरगुर नव्हती. मी हसलो ते त्या आवाजात पंजाबी ऐकू आली म्हणून.

जपानमध्ये असंच झालं होतं. 'बेबीमेटल' २०१० मध्ये सुरू झाला तेव्हा शाळकरी मुली आणि मागे मेटल, हा लोकांना विनोद वाटला. काही वर्षांत तो जगभर वाजायला लागला. २०२२ मध्ये ब्लडीवूड जपानच्या फुजी रॉकला गेले, आणि पुढे या दोन 'विनोदांनी' मिळून 'बेखौफ' नावाचं गाणं केलं. ते ब्लडीवूडच्या २०२५ च्या 'नू दिल्ली' या अल्बमात आहे. तो मात्र अमेरिकन लेबलवर आला. घरचं दुकान बंद झालं म्हणा, किंवा मोठ्या रस्त्यावर गेलं म्हणा. बँडमध्ये ढोल वाजवतो तो सार्थक पाहवा.

रात्री अडीचला लिंक आली तेव्हा मी जागाच होतो, दुसऱ्या दिवशीचं काहीतरी उरकत. गाणं अर्धं ऐकलं आणि मित्राला फोन लावला. आम्ही एकमेकांना फोन करत नाही, ग्रुपवरच भेटतो, त्यामुळे रिंग वाजत असताना काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. त्याने उचलला.

"काय रे, झोपला नाहीस?"

"तू?"

"नाही."

मग दोघेही गप्प. त्याच्या बाजूने गाणं बारीक आवाजात चालू होतं, माझ्या बाजूनेही. दोन्हींत चार-पाच सेकंदांचं अंतर. ढोल आधी त्याच्याकडे वाजायचा, मग माझ्याकडे. मी म्हणालो, "तुझं पुढे गेलंय, थांब जरा." त्याने थांबवलं. मग "एक, दोन, तीन" म्हणून आम्ही दोघांनी ते पहिल्यापासून लावलं.